नाडी आपली आणि नाडी घोड्याची

उद्या सकाळी जाग आली की लगेच उठू नका. अंथरुणात पडल्यापडल्याच उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला टेकवा आणि घड्याळाकडे पाहून एक मिनिटभर नाडीचे ठोके मोजा. बहुतेकांचे ठोके ७०च्या आसपास भरतील. तुमच्यापैकी जे रोज नियमाने पळतात त्यांचे ६० किंवा त्याहूनही कमी भरतील. संध्याकाळी मैदानावर ४०० मीटर अंतर जीव तोडून धावा आणि थांबताक्षणी पुन्हा मोजा. आकडा १८०च्या पुढे गेलेला आढळेल. म्हणजे हृदयाने आपली गती सुमारे तिपटीने वाढविली.

आता घोडा घेऊ. तबेल्यात शांत उभ्या असलेल्या घोड्याची नाडी खालच्या जबड्याच्या कडेला, आतल्या बाजूने बोटांना लागते. तिचे ठोके मिनिटाला अवघे ३० ते ४० असतात. तोच घोडा शर्यतीत भरधाव सुटला की ते २२० ते २४० होतात. तिप्पट नव्हे, सहा-सातपट!

ही मोजणी आरंभीच करावयास सांगितली, कारण हा लेख खेळाची आवड असलेल्या आणि पुढे पशुवैद्य होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. अशी मुले थोडी नसतात. घरी गाईगुरे असतात, दारात कुत्रा असतो, आणि शाळेच्या संघातही नाव असते. या मुलांना दोन गोष्टी हमखास ऐकाव्या लागतात. एक म्हणजे, ‘माणसांचा डॉक्टर व्हायचे सोडून ढोरांचा डॉक्टर कशाला?’ आणि दुसरी, ‘डॉक्टर व्हायचे तर आधी ते पळणे बंद कर.’ पहिलीचे उत्तर लेखात ओघाने येईल. दुसरीचे मात्र एका धावपटूच्या उदाहरणानेच द्यावे हे बरे.

स्कॉटलंडची लॉरा म्यूर ही मध्यम पल्ल्याची धावपटू. ती ग्लासगो विद्यापीठात पशुवैद्यक शिकत होती आणि त्याच वेळी १५०० मीटर धावण्यात युरोपातील अग्रगण्य खेळाडूंत गणली जात होती. २०१७ साली बेलग्रेड येथे झालेल्या युरोपीय बंदिस्त मैदानी स्पर्धेत तिने १५०० आणि ३००० मीटर अशी दोन सुवर्णपदके मिळविली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये बर्मिंगहॅमला जागतिक बंदिस्त स्पर्धा होती. बर्फवादळाने विमाने रद्द झाली, तेव्हा ती ग्लासगोहून टॅक्सीने निघाली आणि तेथे एक रौप्य व एक कांस्यपदक घेऊन आली. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा होत्या आणि नेमक्या त्याच सुमारास तिची अंतिम वर्षाची परीक्षा. तिने परीक्षा निवडली. चार वर्षांतून एकदा येणारी स्पर्धा तिने सोडली! २०१८मध्येच ती पशुवैद्यकाची पदवीधर झाली. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झाले, १५०० मीटर अंतर ३ मिनिटे ५४.५० सेकंदांत धावून तिने रौप्यपदक मिळविले. आणि हुकलेले राष्ट्रकुल सुवर्णपदक २०२२ साली बर्मिंगहॅमला तिच्या गळ्यात पडले.

दोन्ही गोष्टी साधता येतात, पण फुकट नव्हे, एवढे यावरून दिसते. सगळ्यांनाच अशी पदके मिळत नाहीत हेही खरे. तरीसुद्धा मैदानावर घालवलेला वेळ पशुवैद्यकाच्या दृष्टीने वाया जातो असे मानण्याचे कारण नाही. शरीरावर ताण पडला की काय होते हे खेळाडूला पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असते. त्याने शिकायचे असते ते पुढचे: प्राण्याचे शरीर आपल्यासारखे कुठपर्यंत आहे आणि कोठून वेगळे आहे. या दुसऱ्या भागातच सगळी गंमत आहे, आणि धोकाही.

रक्ताचेच पाहा. आपल्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा आकारमानाने शेकडा ४० ते ४५ असतो आणि धावताना त्यात फारसा फरक पडत नाही. घोड्याने मात्र तांबड्या पेशींचा मोठा साठा प्लीहेत राखून ठेवलेला असतो. धावायची वेळ आली की प्लीहा आकुंचन पावते, हा साठा रक्तात ओतला जातो आणि पेशींचा वाटा शेकडा ६०च्याही वर चढतो. प्राणवायू वाहून नेणारे हमाल एका क्षणात दीडपट व्हावेत, तसा हा प्रकार! म्हणून घाबरलेल्या किंवा नुकत्याच पळालेल्या घोड्याचे रक्त तपासले तर आकडे फसवतात. नवख्या पशुवैद्याला वाटावे की याच्या शरीरातले पाणी कमी झाले आहे, आणि घोडा तर ठणठणीत!

श्वासाचेही तसेच. दमल्यावर तुम्ही तोंड उघडून श्वास घेता. घोड्याला ते जमत नाही. त्याच्या घशाची रचनाच अशी की तो फक्त नाकानेच श्वास घेतो. शिवाय भरधाव दौडताना त्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो. दर झेपेला एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर टेकताना उच्छ्वास, पुढे झेपावताना श्वास. ‘जरा दमाने श्वास घे’ हा प्रशिक्षकाचा सल्ला दौडत्या घोड्याच्या कामाचा नाही.

आता घाम. आपला घाम खारट लागतो खरा, पण रक्ताच्या मानाने त्यात मीठ कमीच असते. त्यामुळे घाम गेला की रक्त थोडे घट्ट होते आणि मेंदूला तहानेची वर्दी पोहोचते. घोड्याच्या घामात मीठ भरपूर असते. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्याने रक्त फारसे घट्ट होत नाही आणि शरीरातले पाणी ओसरत असूनही घोड्याला पुरेशी तहान लागत नाही. लांब पल्ल्याच्या दौडीनंतर बादलीला तोंड न लावणारा घोडा ‘तहानलेला नाही’ असे समजणे महागात पडू शकते. कुत्र्याची तऱ्हा आणखी निराळी. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, कारण घामाच्या ग्रंथी त्याला मुख्यत्वे पायांच्या तळव्यांनाच असतात. म्हशीच्या काळ्या कातडीत घर्मग्रंथी कमी, म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. तिला आळशी म्हणणाऱ्याने एकदा काळी घोंगडी पांघरून वैशाखात उभे राहून पाहावे.

पायांची रचना तर चित्र काढूनच समजून घ्यावी. घोड्याच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो तो खरे पाहता त्याचे मनगट आहे. त्याखाली एका मधल्या बोटाच्या टोकावर, म्हणजे नखाच्या खुरावर, चार-पाचशे किलोचा हा देह धावतो. मनगटाखाली मांसल स्नायू नाहीत. आहेत त्या लांब कंडरा, स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या. टाचेमागची शीर दुखावून महिनाभर घरी बसलेल्या खेळाडूला कंडरा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ती रबराच्या पट्टीसारखी ताणते आणि आखडते, ताणताना थोडी तापते आणि तिला रक्तपुरवठा बेताचाच असल्यामुळे एकदा फाटली की भरून यायला महिनेच्या महिने लागतात. तुमच्या दुखण्यात आणि घोड्याच्या दुखण्यात येथे बरेच साम्य आहे.

पण एक मोठा फरक आहे. तुम्ही ‘सर, दुखतंय’ म्हणून मैदानाबाहेर येता. जनावर बोलत नाही, आणि शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असलेली जनावरे तर दुखणे होता होईल तो लपवतात. लंगडे जनावर श्वापदाच्या नजरेत आधी भरते ना! मग पशुवैद्याने ओळखायचे कसे? घोड्याला दुडक्या चालीने चालवून त्याच्या डोक्याकडे पाहतात. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो, जणू त्या पायावरचा भार काढून घेतो. चांगला पाय टेकताना डोके खाली जाते. पुष्कळदा लोकांची नजर नेमक्या चांगल्या पायावर खिळते आणि उपचार तिथे सुरू होतात.

खेळाडूचा अनुभव कधी कधी उलटाही नडतो. पायात गोळा आला तर ‘जरा चाल, मोकळा होईल’ असे आपण म्हणतो. रोज राबणाऱ्या घोड्यांना एक दुखणे होते, त्याला पूर्वी इंग्लंडात सोमवारचा आजार म्हणत. रविवारी सुट्टी, पण दाण्याचा खुराक मात्र पूर्ण. सोमवारी कामाला जुंपले की थोड्या वेळात घोड्याचे मागचे स्नायू दगडासारखे कडक होतात, घाम फुटतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. तो रंग फुटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरलेल्या रंगद्रव्याचा. अशा घोड्याला ‘मोकळा होईल’ म्हणून चालवले तर आणखी स्नायू फुटतात आणि ते रंगद्रव्य मूत्रपिंडे निकामी करू शकते. त्याला आहे तिथेच थांबवायचे असते.

औषधांच्या बाबतीत तर साम्यावर विसंबणे घातकच. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. मुरगळलेल्या पायाला खेळाडू जे मलम चोळतात त्यातल्या अनेकांत डायक्लोफेनॅक असते. हेच औषध आपल्याकडे गुरांना टोचले जाई आणि गुरांना त्याने आरामही पडे. पण औषध दिल्यानंतर लवकरच मेलेल्या गुरांचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९०नंतरच्या दीड दशकात शेकडा ९९हून अधिक घटली. कारण शोधून काढणारा शोधनिबंध २००४ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध त्याऐवजी देता येते. ‘ढोरांचा डॉक्टर कशाला?’ या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. गोठ्यात दिलेल्या एका इंजेक्शनाचा परिणाम आकाशापर्यंत जातो.

दुसरे उत्तर इतिहासात आहे. पशुवैद्यकाची पहिली शाळा १७६१ साली राजाज्ञा मिळून फ्रान्समधील ल्यों शहरात निघाली. ती काढणारा क्लोद बूर्जला हा मुळात घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेचा प्रमुख, म्हणजे खेळाच्याच मैदानावरचा माणूस! त्या काळी बुळकांडीच्या साथींनी युरोपातली गुरे पटापट मरत होती. त्या बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग, आणि हे काम पशुवैद्यांचे. आपल्याकडे मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालापासून चालू आहे.

शिक्षणाची वाट थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत; त्यानंतर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा. पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे शासकीय महाविद्यालये आहेत व ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. वेळापत्रक भरगच्च असते. तेव्हा सराव सकाळी करायचा की संध्याकाळी, कोणती स्पर्धा खेळायची आणि कोणती सोडायची, हे लॉरा म्यूरप्रमाणेच तुम्हांलाही ठरवावे लागेल. कमावलेले शरीर मात्र उपयोगी पडते. रात्री दोन वाजता गोठ्यात गाय अडली, वासरू आडवे आले, की खांद्यापर्यंत हात आत घालून, कळांच्या दाबाखाली बधिर झालेल्या बोटांनी त्याचा पाय शोधावा लागतो. तेथे नुसती पाठ केलेली व्याख्या पुरत नाही. अर्थात नुसती ताकदही नाही. चुकीच्या दिशेने ओढले तर गाय आणि वासरू दोन्ही जातात.

खेळाशी संबंध ठेवून पशुवैद्यकी करण्याच्या जागाही आहेत. शर्यतीच्या घोड्यांची तपासणी ही त्यांतली जुनी. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३मध्ये वैध ठरविला. या शर्यतींत धावणारे बैल आधी पशुवैद्याने तपासलेले असावे लागतात. चाहत्यांची गर्दी भोवती उभी असताना ‘हा बैल आज धावणार नाही’ असे सांगायची पाळी त्या पशुवैद्यावर येते. वेदनाशामक टोचून उभा केलेला बैल किंवा घोडा तपासताना तर फारच सावध राहावे लागते. दुखणे थांबते, दुखापत नाही. ज्याने कधी दुखरा पाय बांधून अंतिम सामना खेळला आहे त्याला हे चटकन पटेल.

बारावी दूर असेल तर आजच एक प्रयोग करा. रवंथ करणाऱ्या गाईच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागे जो खळगा असतो, त्यात मूठ हलकेच दाबून धरा. आत कोठीपोट असते. ते आकुंचन पावले की तुमची मूठ हळूच बाहेर ढकलली जाईल. निरोगी गाईत दोन मिनिटांत असे दोन ते चार वेळा घडते. नाडी हवी असेल तर शेपटीच्या मुळाजवळ खालच्या बाजूने बोटे लावा. ठोके मिनिटाला ५० ते ८० भरतील. शेळीची नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूस सापडते. सात दिवस, एकाच वेळी मोजा आणि आकडे आपल्या सरावाच्या वहीत, स्वतःच्या नाडीशेजारच्या रकान्यात लिहीत चला. गाईच्या मालकाला आधी विचारा, आणि मालक जवळ उभा असल्याशिवाय शेपटीला हात लावू नका. गाय मागे तर मारतेच, पण बाजूलाही लाथ फेकते.