खामगाव कापूस बाजारपेठ

खामगाव कापूस बाजारपेठ ही महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव येथील ऐतिहासिक बाजारपेठ आहे. एकोणिसाव्या शतकात ती वऱ्हाडातील सर्वांत मोठी कापूसपेठ गणली जात असे.

लोहमार्ग येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, सुमारे ८०० किमी दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेत पाऊस लागल्यास माल भिजून खराब होई. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी बंधूंनी हा व्यापार मुंबईकडे वळवण्यास प्रारंभ केला.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव भडकले. सोन्याच्या शोधात माणसे लोटावीत तशी झुंबड कापूसपेठांत उडाली. युद्ध संपताच भाव कोसळले. सोन्याची अनेक गावे अशा वेळी ओस पडली, खामगावची पेठ मात्र टिकली. मुंबई–नागपूर लोहमार्ग गावाला बगल देऊन गेला होता; म्हणून जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किमीचा फाटा खास कापसासाठी टाकण्यात आला. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचे उद्घाटन केले. हा फाटा आजही अस्तित्वात आहे.

या भरभराटीचा लाभ कुणाला झाला, हा प्रश्न वेगळा. कापसाच्या विस्ताराने वऱ्हाडातील अन्नसुरक्षा दुबळी झाली आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ अधिक भीषण ठरले, असे प्रतिपादन इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी केले आहे.

चांदीच्या व्यापारामुळे खामगाव आज ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते.