संशोधन-प्रकाशनाची नीतितत्त्वे

विद्याविषयक नियतकालिकांत शोधनिबंध प्रसिद्ध करताना लेखक, परीक्षक, संपादक व प्रकाशक यांनी पाळावयाचे आचारसंकेत. शोधनिबंधातील प्रत्येक प्रयोग वाचकास स्वतः करून पाहणे शक्य नसते. जे केले व जे आढळले तेच लेखकाने लिहिले आहे, या विश्वासावर पुढील संशोधन, औषधोपचार व शासकीय धोरणे आधारलेली असतात. हा विश्वास सार्थ ठरावा, हे या तत्त्वांचे प्रयोजन होय.

इतिहास : पॅरिसचे झुर्नाल दे सावां व लंडनचे फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स ही नियतकालिके १६६५ मध्ये निघाली. दुसऱ्याचे संपादक हेन्री ओल्डेनबर्ग (सु. १६१९–७७) हे रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. शोध प्रथम कोणी लावला याची नोंद राहावी, हा अशा प्रकाशनाचा एक प्रमुख हेतू होता. बाहेरील तज्ञांकडून निबंध तपासून घेण्याची पद्धत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सार्वत्रिक झाली; नेचर या साप्ताहिकाने ती १९७३ मध्ये आवश्यक केली. अन्यत्र प्रसिद्ध झालेला मजकूर स्वीकारला जाणार नाही, असा नियम न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रांट्स इंगेलफिंगर (१९१०–८०) यांनी १९६९ मध्ये घातला. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आले. त्यातून वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उदयास आली. सर्व विद्याशाखांच्या संपादकांना मार्गदर्शन करणारी प्रकाशननीती समिती (कोप) १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली.

लेखकाची कर्तव्ये : आधारसामग्री कल्पनेने रचणे, ती सोयीनुसार बदलणे व वाङ्‌मयचौर्य हे तीन गंभीर अपराध मानले जातात. एकच निबंध दोन ठिकाणी छापणेही निषिद्ध आहे. कारण अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करताना तेच रुग्ण दोनदा मोजले जातात व औषध वास्तवापेक्षा अधिक गुणकारी भासते. संशोधनात भरीव वाटा, मसुद्याचे लेखन वा चिकित्सक सुधारणा, अंतिम मसुद्यास संमती आणि संपूर्ण कार्याचे उत्तरदायित्व या चारही अटी पुऱ्या करणाऱ्यासच वरील आंतरराष्ट्रीय समिती लेखक मानते. त्यामुळे केवळ विभागप्रमुख म्हणून नाव घालणे किंवा प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचे नाव दडविणे, ही दोन्ही गैर ठरतात. आर्थिक हितसंबंध प्रकट करणे आणि मानवावरील प्रयोगांस नीतिसमितीची पूर्वसंमती घेणे बंधनकारक असते. प्रतिकूल निष्कर्ष दडपले जाऊ नयेत, म्हणून औषधचाचणीची नोंदणी रुग्णांच्या भरतीपूर्वी करण्याची अट या समितीने २००५ पासून घातली.

परीक्षक व संपादक : परीक्षकाने हस्तलिखित गुप्त ठेवावे, त्यातील कल्पना स्वतःसाठी वापरू नयेत व हितसंबंध असल्यास परीक्षण नाकारावे. संपादकाने निबंधाची निवड गुणवत्तेवर करावी. प्रसिद्ध निबंध सदोष आढळल्यास दुरुस्ती छापणे किंवा तो जाहीरपणे मागे घेणे, हेही त्याचे कर्तव्य होय.

या कर्तव्यात विलंब झाल्यास काय घडते, हे अँड्रू वेकफील्ड प्रकरणावरून दिसते. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा त्यांचा निबंध लॅन्सेटमध्ये १९९८ साली आला. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता. लसउत्पादकांविरुद्धच्या दाव्यासाठी वकिलांकडून मिळालेल्या पैशाची माहिती त्यात दिलेली नव्हती. १३ पैकी १० लेखकांनी २००४ मध्ये त्यातील अर्थनिर्णय नाकारला. परंतु पूर्ण निबंध २०१० मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी, मागे घेण्यात आला. दरम्यान इंग्लंडमधील या लसीकरणाचे प्रमाण ९० टक्क्यांवरून सु. ८० टक्क्यांपर्यंत घसरले व गोवराच्या साथी पुन्हा उद्‌भवल्या.

भारतातील स्थिती : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार पीएच.डी. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करणे आवश्यक होते. ही अट २०२२ मध्ये काढण्यात आली. पदवी व पदोन्नती यांसाठी अशी निबंधसंख्या मोजली जाऊ लागली की शुल्क घेऊन, परीक्षण न करता काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना गिऱ्हाईक मिळते. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली. तिच्या छाननीचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. ही यादी २०२५ मध्ये बंद करून निवडीची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर सोपविण्यात आली. वाङ्‌मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांत प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही व ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणी रद्द होते. शब्दसाम्य संगणक मोजू शकतो. मात्र रचलेली आधारसामग्री या मापनात सापडत नाही. २०१९ पासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना या विषयाचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य झाला.

अलीकडील प्रश्न : पैसे घेऊन बनावट निबंध पुरविणाऱ्या यंत्रणा वाढल्या असून २०२३ या एका वर्षात जगभर १०,००० हून अधिक निबंध मागे घेण्यात आले. संगणकीय कृत्रिम बुद्धी उत्तरदायित्व स्वीकारू शकत नाही. म्हणून ती लेखक ठरत नाही, असे कोप व वैद्यकीय संपादकांची समिती यांनी २०२३ मध्ये स्पष्ट केले. निबंध मागे घेणे म्हणजे नेहमीच अप्रामाणिकपणाची कबुली नव्हे. प्रामाणिक चुकीमुळेही तसे करावे लागते आणि असे करणाऱ्या लेखकास कलंक लागू नये, हेही या नीतितत्त्वांत अभिप्रेत आहे.