पडद्यावरचे ७४ अंश

नाशिकजवळच्या एका दुग्धप्रकल्पातील काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची पाळी चालू होती. पाश्चरीकरण झालेले दूध ज्या टाकीत साठते, तिची पातळी वाढायची थांबली. नियंत्रण कक्षातील पडद्यावर मात्र सारे ठीक दिसत होते. दुधाचे तापमान ७४ अंश सेल्सिअस. दूध ७२ अंशांना निदान १५ सेकंद राहिले, की त्यातील रोगजंतू मरतात. तापमान त्याखाली गेले, तर एक झडप आपोआप वळते आणि दूध पुढे न जाता पुन्हा तापण्यासाठी मागे येते.

पडद्यावर ७४ आणि दूध तर मागे वळते आहे! तेव्हा झडपच बिघडली असणार, ती हाताने वळवावी, असे ठरू लागले. पाळीवरच्या एका जुन्या कामगारांना सगळे मामा म्हणत. ते यंत्रापाशी जाऊन आले आणि म्हणाले, "साहेब, झडपेला हात लावू नका. खालचा काटा ६६ दाखवतोय."

वाफेचा दाब कमी झाला होता. झडप बरोबर होती, पडदाच चुकत होता. त्यावरचा ७४ हा आकडा वीस मिनिटांपूर्वीचा होता. मामा खाली गेले नसते, तर अर्धवट तापलेले दूध पिशव्यांत भरले गेले असते. माझा एक माजी विद्यार्थी तेथे इंजिनिअर होता. त्याचा फोन आला, "सर, एकदा येऊन बघाल का?" त्यानिमित्ताने मीही या शोधात सामील झालो.

प्रश्न आणि उत्तर

अशा कारखान्यात प्रत्येक यंत्राजवळ एक छोटा संगणक असतो. त्याला पीएलसी म्हणतात. आपण 'नियंत्रक' म्हणू. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मोटार कारखान्यांसाठी तो प्रथम तयार झाला. तापमान मोजणे, झडप वळवणे ही कामे तो स्वतःच करतो. म्हणूनच पडदा चुकला, तरी झडप चुकली नाही.

नियंत्रण कक्षातील मोठा संगणक या नियंत्रकांकडून आकडे गोळा करतो. त्यांच्या संभाषणाच्या नियमांपैकी 'मॉडबस' हे नियम फार प्रचलित आहेत. ते १९७९ मध्ये तयार झाले आणि आजही वापरात आहेत. त्यांची रीत वर्गातल्या हजेरीसारखी असते. मोठा संगणक विचारतो, "क्रमांक सहा, तापमान सांग." ज्याचा क्रमांक पुकारला, त्यानेच बोलायचे. बाकीच्यांनी गप्प राहायचे.

वाटेत संदेश बिघडला तर? यासाठी प्रत्येक संदेशाच्या शेवटी एक पडताळणीचा आकडा जोडतात. तो संदेशातील आकड्यांवरूनच गणिताने काढलेला असतो. ऐकणारा तेच गणित पुन्हा करतो. उत्तर जुळले नाही, तर नियंत्रक काहीच बोलत नाही. हा नियम शहाणपणाचा आहे, कारण बिघडलेल्या संदेशातला क्रमांक तरी आपलाच कशावरून?

उत्तर आले नाही, की मोठ्या संगणकाने तसे दाखवायला हवे. येथे मात्र तो जुनाच आकडा दाखवत राहिला. मुलगा गैरहजर असताना कालचे 'हजर' तसेच ठेवावे, तसा हा प्रकार.

शोध

पहिला प्रश्न: सगळेच गप्प आहेत की एखादाच? सगळे गप्प असते, तर दोष मोठ्या संगणकाकडे शोधला असता. येथे एक ते पाच नीट बोलत होते. सहावा कधी बोले, कधी नाही.

दुसरा प्रश्न: दोष सहाव्यात आहे की वाटेत? लॅपटॉप थेट सहाव्यापाशी नेला आणि हातभर तारेने जोडून तेच प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी उत्तर आले. म्हणजे दोष वाटेत होता.

तिसरा प्रश्न: हे नेमके केव्हा होते? वेळा लिहून काढल्या. होमोजिनायझरची मोटर चालू असली, की सहावा गप्प होई. त्या मोटरला आठवड्यापूर्वीच वेग बदलणारा नवा ड्राइव्ह बसवला होता. असे ड्राइव्ह विजेचा गोंगाट करतात. मोटर बंद केली, उत्तरे येऊ लागली. "सापडला चोर!" सगळे म्हणाले.

पण मग त्याच तारेवरचे पहिले पाच नियंत्रक त्या गोंगाटातही बोलतात कसे?

नियंत्रकांना जोडणारी तारांची जोडी एकापासून दुसऱ्याकडे अशी ओळीने जाते. भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका दिला, तर लाट टोकावरून परत येते. तारेतही तसेच होते. ते टाळण्यासाठी ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध दोन तारांमध्ये जोडतात. वीज बंद करून आम्ही त्या दोन तारांमधला रोध मोजला. १२० ओहमचे दोन रोध समांतर असताना मल्टिमीटरने सुमारे ६० दाखवायला हवे. त्याने ४० दाखवले. १२० भागिले ३! एक रोध जास्त होता.

तो पाचव्यापाशी सापडला. वर्षापूर्वी पाचवा शेवटचा होता. पुढे सहावा जोडला, त्याला नवा रोध लावला. पाचव्याचा काढायचा राहून गेला. त्या जादा भाराने संदेश क्षीण झाला होता, विशेषतः त्यापलीकडच्या सहाव्यासाठी. गोंगाट नव्हता तोवर ते खपून गेले. जुनी चूक वर्षभर झोपली होती, नव्या ड्राइव्हने तिला जागे केले.

पाचव्याचा रोध काढला. मीटरवर ६० आले. मोटर चालू केली, तरी सहावा बोलत राहिला. मग संदेशाची तार मोटरच्या केबलपासून दूर नेली. शेवटी पडद्याची आज्ञावली बदलली. आता दहा सेकंदांत उत्तर आले नाही, तर आकडा पुसला जातो आणि तेथे लाल फुली येते. मला विचाराल तर खरी दुरुस्ती हीच. तारा पुन्हा कधीतरी दगा देतील. पण 'माहीत नाही' हे सांगण्याची सोय असली, तर दगा लपणार नाही.

वर्गात करून पाहा

१२० ओहमचे तीन रोध आणि साधा मल्टिमीटर घ्या. आधी दोन, मग तीन रोध समांतर जोडून मोजा.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा. एक विद्यार्थी नियंत्रण कक्ष, सहा जण नियंत्रक. प्रत्येक आकड्याबरोबर त्यातील अंकांची बेरीजही लिहायची: ७४ बरोबर ११. मध्येच एखादी चिठ्ठी खोडून पाठवा. बेरीज जुळली नाही, तर गप्प बसायचे. मग ७४ ऐवजी ४७ पाठवून पाहा. बेरीज तीच येईल आणि चूक निसटेल! ती पकडायला कसले गणित हवे, हे मुलांनाच विचारा.

आणि फळ्यावरचा एखादा आकडा बराच वेळ बदलला नाही, तर कोणी उठून खात्री करायला जाते का, तेही पाहा. मामांनी तेवढेच केले होते.