आईबाबांच्या कॉम्प्युटरला कोणतं लिनक्स?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. इथला लॅपटॉप आपण बदलूही, पण गावाकडे आईबाबांच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरचं काय? विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये तो नसतो. मुदतवाढीची सोय आहे, पण तीही तात्पुरतीच. त्याच कॉम्प्युटरवर पेन्शनचं खातं उघडलं जात असेल, तर 'चालतंय ना, चालू दे' म्हणून कसं भागेल?

मशीन धडधाकट असेल तर ते भंगारात घालायची गरज नाही. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्ससारखी चालणारी लिनक्स प्रणाली लिहायला घेतली. आज तिच्या अनेक आवृत्त्या फुकट मिळतात. अडचण पैशांची नाही, निवडीची आहे. लग्नाच्या साड्या काढून बसल्यासारखं होतं!

घरासाठी मुख्यतः चार नावं लक्षात ठेवावीत. उबुंटू २००४ पासून आहे. तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. लिनक्स मिंट याच उबुंटूवर बेतलेली. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, म्हणजे विंडोजची सवय असलेल्याला घरच्यासारखं वाटतं. ४ जीबी रॅम असली तरी साधं काम निभतं. डेबियन १९९३ पासूनची, अतिशय स्थिर, पण बसवताना थोडी जाण हवी. चौथी फ्रीबीएसडी. ही लिनक्स नव्हे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सची ही वंशज. सर्व्हरसाठी तिचं नाव मोठं आहे, पण काही वायफाय कार्डांशी तिचं जमत नाही. हौस असेल तर स्वतःच्या मशीनवर जरूर करून पाहा, आईबाबांच्या नको. त्यांच्यासाठी 'टर्मिनल' म्हणजे अजून विमानतळच आहे.

मग यातली सर्वांत चांगली कुठली? माझ्या मते हा प्रश्नच बाजूला ठेवावा. अडचण आली तर फोन कुणाला जाणार, ते आधी ठरवा. तिथे सकाळ, इथे अमेरिकेत मध्यरात्र, आणि पलीकडून बाबा विचारतायत, "अरे, प्रिंटर दिसत नाहीये, काय करू?" तेव्हा आपल्यासमोर हुबेहूब तोच मेन्यू असला पाहिजे. म्हणून जी सिस्टीम तिकडे, तीच आपल्या एखाद्या लॅपटॉपवर. बहुतेक घरांना मिंट पुरेल. शेजारचा भाचा उबुंटू वापरत असेल, तर उबुंटूच बरी.

बसवण्याआधी एक गोष्ट नक्की करा. सिस्टीम पेनड्राइव्हवर घेऊन कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. हार्डडिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं: वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, बँकेची वेबसाइट. मराठी टायपिंगही पाहा. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसार, दोन्ही कळफलक मिळतात. वर्ड-एक्सेलच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मात्र कधीकधी मांडणी हलते. फक्त विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर त्यांना रोज लागत असेल, तर हा बदल करूच नका.

सगळं जमतंय असं दिसलं, तरी आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. नातवंडांचे फोटो गेले तर कुठलीही सिस्टीम ते परत आणणार नाही. आणि हे काम भारतवारीच्या पहिल्याच आठवड्यात उरका. परतीच्या आदल्या रात्री बसवलंत, तर शंका विचारायला त्यांना वेळच उरणार नाही. दोन आठवडे त्यांनी तुमच्यासमोर वापरलं, की पुढचे फोन बहुधा ख्यालीखुशालीचेच येतील.