ग्रंथांचें सामाईक कोठार

एकत्र कुटुंबांत लग्नकार्याचीं मोठीं पातेलीं प्रत्येक भावाच्या बिऱ्हाडीं निराळीं नसतात. तीं एका कोठीघरांत राहतात, व ज्याचें कार्य निघेल तो तीं नेतो. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसही हाच न्याय लावावा, असें आमचें मत आहे.

ग्रंथ एकदां विकत घेतला कीं खर्च संपला, हा समज खोटा होय. जागा, झाडलोट, दिवाबत्ती व वाळवीपासून राखण यांचा भार दर वर्षीं पडतच असतो. पॉल कुरँट व मॅथ्यू नील्सन या अमेरिकन अभ्यासकांनीं २०१० सालीं मांडलेल्या हिशेबाप्रमाणें, उघड्या फडताळावरील एका ग्रंथास वर्षाकाठीं ४.२६ डॉलर, तर उंचीवार दाट रचलेल्या कोठारांत अवघे ०.८६ डॉलर पडतात. म्हणजे सुमारें पंचमांश! हें ओळखूनच बोस्टन येथें १९४२ सालीं हार्वर्डसह अनेक ग्रंथालयांनीं सामाईक कोठार उघडलें, आणि १९४९ सालीं दहा विद्यापीठांनीं शिकागो येथें तोच मार्ग धरला.

आमच्या परभणी जिल्ह्यांत १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर येथें महाविद्यालयें आहेत. अभ्यासक्रम पालटतो, जुने ग्रंथ सांचतात, नव्यांस जागा उरत नाहीं. मग रद्दीवाल्याचा तराजू येतो. एका विद्यालयाच्या आवारांत जुने बांधीव अंक वजनावर जातांना आम्हीं स्वतः पाहिले. ती जिल्ह्यांतील शेवटची प्रत होती कीं काय, हें पाहण्यास कोणापाशीं सामाईक यादीच नव्हती.

म्हणून प्रथम यादी व्हावी, मग कोठार. क्वचित् मागितले जाणारे ग्रंथच तेथें जावेत. नित्याचे वाचकाच्या हाताशींच असावेत. एकाच ग्रंथाच्या पांच प्रतींऐवजीं दोन ठेवाव्या. एकच ठेवणें आगीच्या भयानें धोक्याचें. खर्च व्यापलेल्या जागेच्या प्रमाणांत वांटावा, आणि मालकीचा करार लेखी असावा. भाऊबंदकी तोंडी बोलींतूनच उपजते. सेलू व गंगाखेड परभणीशीं लोहमार्गानें जोडलेलीं आहेत, जिंतुरास मोटारी जातात. मागितलेला ग्रंथ दुसऱ्या दिवशीं पोंचविणें अशक्य नाहीं.

यादी, बांधणी व वाहतूक यांमुळें पहिल्या वर्षीं खर्च वाढेल, हें खरें. परंतु रद्दींत गेलेली शेवटची प्रत कोणत्याही द्रव्यानें परत येत नाहीं, हें सुज्ञ वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.