रद्दीत गेलेला वाडा

१९९५ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आमच्या आर्किटेक्चरच्या बॅचला तीस वर्षं झाली. त्या निमित्ताने पुण्यात कॉलेजवर जमायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी आमच्या मोजणीच्या नकाशांची चौकशी केली. कळलं ते असं, की कोठीची खोली रिकामी करताना लाकडी ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले आणि ट्रेसिंगच्या गुंडाळ्या रद्दीत. त्या गुंडाळ्यांत कसबा पेठेतला एक अख्खा वाडा होता. तो पाडून तिथे केव्हाच इमारत झाली आहे. म्हणजे वाडाही गेला आणि तो कसा होता हे सांगणारा मूळ कागदही.

आपल्याकडच्या वास्तुशिक्षणाची कथा मुंबईच्या जे. जे.पासून सुरू करायची पद्धत आहे. मग १९७२चा आर्किटेक्ट्स कायदा, त्याखालचं कौन्सिल, आणि पुढे भराभर निघालेली खाजगी कॉलेजं. तो इतिहास वाचायला ठीक आहे. माझं शिक्षण झालं ते नव्वदच्या दशकात आणि बहुतेक वर्गाबाहेर, ‘नासा’मध्ये.

अंतराळवाल्यांशी या नासाचा संबंध नाही. ही देशभरातल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची संघटना. प्रत्येक कॉलेजचं एक युनिट, त्याचा एक युनिट सेक्रेटरी, विभागाचं झोनासा आणि वर्षाचं मोठं अधिवेशन. बाहेरच्यांना त्यातला गोंगाट दिसायचा. आमच्या लेखी मान होता तो वास्तुकार लुई कानच्या नावाच्या ट्रॉफीला. एखादी जुनी वास्तू किंवा वस्ती मोजायची, समजून घ्यायची आणि कागदावर उतरवायची, अशी ती स्पर्धा.

आम्ही वाडा निवडला. कॉलेज सुटलं की टेप, ओळंबा आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन निघायचं. नळीच्या दोन टोकांचं पाणी एका पातळीत आलं की जोत्याची उंची मिळायची. चौक डोळ्यांना चौरस दिसत होता, पण मोजला तर चारही बाजू वेगळ्या. कर्ण घेतल्याशिवाय एकही खोली कागदावर जुळत नव्हती. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. हे शब्द आम्हाला पुस्तकात कुणी शिकवले नव्हते. सोप्यात राहणाऱ्या भाडेकरू आजींनी शिकवले. चौकातलं पावसाचं पाणी कुठून बाहेर जातं, उन्हाळ्यात दुपारी माजघरातच का निजायचं, हे त्यांनी हात धरून दाखवलं. “अरे, तिथे तुळई वाळवीने खाल्लीय, पाय जपून टाका,” असं त्या रोज बजावायच्या. मालक वरच्या मजल्यावर. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यात कौलं चाळण्याचाही खर्च निघत नव्हता. मालक आणि भाडेकरू दोघेही आपापल्या जागी खरे होते आणि वाडा मधल्या मधे खचत होता. हेही आम्ही नोंदवलं.

रात्री स्टुडिओत रोट्रिंग पेनने शाई. रेघ चुकली की ब्लेडने ट्रेसिंग खरवडायचं, तेही कागद फाटू न देता. मग अमोनियाच्या वासाने भरलेल्या दुकानातून प्रिंट्स. एका तुळईचा जोड काढण्यात संध्याकाळ जायची, पण तो जोड काढून झाल्यावर भार कुठून कुठे उतरतो हे पुन्हा कुणी समजावून सांगावं लागत नसे. ज्युरीला आलेल्या एका ज्येष्ठांनी मात्र हे सगळं कारकुनी काम ठरवलं होतं. डिझाइन करा, जुनी लाकडं काय मोजता, हा त्यांचा सूर.

त्यांना उत्तर किल्लारीच्या भूकंपाने दिलं, आणि फार भयंकर रीतीने दिलं. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि त्यांच्यावरची मातीची जड माळवदं माणसांवर आली. हजारो माणसं गेली. आमच्या युनिटची मुलं मदतीला गेली, आणि ढिगाऱ्यांमध्ये त्यांना ओळखीची गोष्ट दिसली. काही घरांत दगड सगळे ढासळले होते, पण खणांचा लाकडी सांगाडा माळवद पेलून उभा होता. भिंतींना दोन्ही तोंडं सांधणारे आरपार दगड नव्हते, म्हणून त्या मधूनच फुटल्या, हेही मुलांना लगेच कळलं. पाहणीला आलेल्या काही मोठ्या माणसांनी दगडालाच गुन्हेगार ठरवलं, तेव्हा विशीतली ही पोरं त्यांच्याशी वाद घालत होती. पुढे बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली, बरीचशी सरळ रेषांच्या आखणीत. गल्लीच्या वळणावर ज्या घरांचे दरवाजे समोरासमोर होते, ती माणसं लांब रस्त्यांवर विखुरली. ती जुनी गावं आधी कुणी मोजून ठेवली असती तर नव्यांची आखणी इतकी कोरडी झाली नसती, असं मला आजही वाटतं.

त्यानंतरची वर्षं पटापट गेली. ऑटोकॅड आलं, बोर्ड कोपऱ्यात गेले. त्याची मला खंत नाही, संगणकावर मोजणी उत्तमच उतरते. खंत आहे ती मोजायला जाणं थांबल्याची. दर्शनी भागाला अॅल्युमिनियमचे पत्रे आणि पश्चिमेला काचेची अखंड भिंत लावून पुण्यात इमारती उभ्या राहिल्या, आणि दुपारचं ऊन आत घेऊन ते एसीने बाहेर ढकलणं हीच आधुनिकता ठरली. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांचे रेंडर पाहून थक्क व्हायला होतं. पण खिडकीवरच्या छज्ज्याचं पाणी कुठे पडेल, असं विचारलं की ती गप्प होतात. दोष त्यांचा नाही. त्यांना कुणी पावसात वाड्यात नेलेलंच नाही.

जिच्यावर लुई कानचं नाव होतं, त्या ट्रॉफीसाठी आम्ही रात्री जागवल्या. त्याच कानने अहमदाबादच्या आयआयएममध्ये बांधलेल्या अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडायचं २०२० साली ठरलं. जगभरातून विरोध झाल्यावर निर्णय मागे घेतला, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये जुन्या जागी नव्याने बांधण्याची भाषा पुन्हा सुरू झाली. विटांची कमान आणि तिचा रेटा अडवून धरणारी काँक्रीटची तुळई, हे आम्ही सहलीत हात लावून पाहिलं होतं. त्याच आवारातलं ग्रंथालय मुंबईच्या ब्रिंदा सोमया यांच्या कार्यालयाने दुरुस्त केलं आणि २०१९ला त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणजे दुरुस्ती शक्य होती, आणि तीही त्याच विटांत. दिल्लीत राज रेवल आणि महेंद्र राज यांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-दालन एप्रिल २०१७मध्ये एका रात्रीत पाडलं, तेव्हा तर वाद घालायलाही सवड मिळाली नाही.

प्रत्येक इमारत राखता येत नाही, हे तीस वर्षं व्यवसाय केल्यावर मला मान्य आहे. पण पाडण्याआधी ती मोजता येते. पुणे महापालिकेने जुना वाडा पाडायची परवानगी देताना त्याचा मोजणी-नकाशा दाखल करणं बंधनकारक करावं, आणि ते काम शहरातल्या कॉलेजांच्या नासा युनिटांकडे सोपवावं. मुलं आनंदाने करतील. त्या नकाशांसाठी पालिकेने एक कोरडी, कुलूपबंद खोली द्यावी आणि तिची किल्ली कोणत्याही कॉलेजच्या कोठीत ठेवू नये. आमच्यापैकी तिघांकडे त्या वाड्याच्या काही जुन्या प्रिंट्स आहेत. त्या घेऊन मी पुढच्या महिन्यात पालिकेत अर्ज देणार आहे.