बापाने दिलेली भेट

तीन वर्षांच्या लेकराच्या वाढदिवसाला बापाने काय द्यावे? गाठीस पैसा नाही, बाजार नाही, तटाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही, आणि उद्या आपण येथे असू की नाही याची शाश्वती नाही. अशा एका बापाने दिलेल्या भेटीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्राग शहराच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरांवर तेरेझिन नावाचे तटबंदीचे गाव आहे. १९४१ च्या नोव्हेंबरापासून नाझी सत्तेने तेथे यहुदी लोकांस कोंडण्यास आरंभ केला. अशा कोंडवाड्यास घेट्टो म्हणत. महायुद्ध संपेपर्यंत १,४०,००० हून अधिक माणसे तेथे आणली गेली. सुमारे ३३,००० तेथेच मृत्यू पावली, आणि ८५,००० हून अधिक पूर्वेकडे धाडली गेली. त्यांतली फारच थोडी परतली.

बेद्रिख फ्रिट्टा हा चित्रकार पत्नी व तान्ह्या टॉमीसह याच गावी बंदिवान होता. दिवसा तो अधिकाऱ्यांसाठी आराखडे व चित्रे काढी. चोरून मात्र उपासमार, गर्दी आणि मरण जसे दिसे तसे रेखाटी. २२ जानेवारी १९४४ रोजी टॉमीस तिसरे वर्ष पूर्ण झाले. त्या दिवसासाठी बापाने स्वहस्ते एक चित्रांचे पुस्तक तयार केले. त्यातील एका पानावर छोटा टॉमी पेटीवर उभा राहून, आपल्याकडे पाठ करून, खिडकीतून बाहेर पाहत आहे. पुढे बाहेरचे जग आहे, आणि मोठेपणी हा मुलगा कोण कोण होऊ शकेल याची गमतीदार चित्रे आहेत. शेवटी बापाने लेकरास सांगितले आहे की, तुझ्यासाठी मी पुष्कळ पुस्तके काढणार असून हे त्यांतले पहिले.

दुसरे पुस्तक निघाले नाही. १९४४ च्या जुलैत ती चोरून काढलेली चित्रे बदनामीकारक ठरवून फ्रिट्टास पत्नी व मुलासह तेरेझिनच्या लहान किल्ल्यात डांबण्यात आले. मातेने तेथेच प्राण सोडला. पिता त्याच वर्षी नोव्हेंबरात औशविट्झ येथे मरण पावला. परंतु लपविलेली चित्रे वाचली. त्याचा सहकारी चित्रकार लिओ हास हा छळछावण्यांतून जिवंत परतला. त्याने व त्याच्या पत्नीने पोरक्या टॉमीस पोटच्या पोराप्रमाणे वाढविले, आणि बापाची भेट मुलाच्या हाती पोहोचली.

त्याच घेट्टोत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकर्ती १९४२ च्या डिसेंबरात आली. सोबत नेता येणाऱ्या थोडक्या सामानात तिने चित्रकलेचे साहित्यही आणले होते. जुन्या कचेरीच्या पाठकोऱ्या कागदांवर ती मुलांस चित्रे काढावयास शिकवी आणि प्रत्येकाने आपले नाव लिहावे असा आग्रह धरी. तेथे येणाऱ्या प्रत्येकास क्रमांक मिळे; ती मात्र मुलांस त्यांची नावे परत देई. १९४४ च्या ऑक्टोबरात तिलाही औशविट्झ येथे नेऊन ठार मारण्यात आले. मागे राहिली दोन पेट्यांत भरलेली सुमारे ४,५०० चित्रे. आज ती प्रागच्या यहुदी संग्रहालयात आहेत. त्यांवर नावे लिहिणारी बहुतेक मुले वाचली नाहीत.

वाचकहो, एक गोष्ट आम्हांस लपविता येत नाही. ज्या देशांत हे घडले तेथे उंच मनोऱ्यांची चर्चमंदिरे होती, आणि छळ करणाऱ्यांत बाप्तिस्मा घेतलेलेही पुष्कळ होते. यहुदी लोकांच्या द्वेषाचे बीज आमच्याही शिकवणुकीतून शतकानुशतके पेरले गेले होते. १९६५ साली व्हॅटिकन महासभेने त्या द्वेषाचा उघड धिक्कार केला, तेव्हा तेरेझिनच्या त्या मुलांस जाऊन वीस वर्षे लोटली होती.

कोणत्याही घेट्टोची भिंत एका दिवसात उभी राहत नाही. घराच्या ओसरीवर कोणा जातीविषयी, कोणा धर्माविषयी तुच्छतेने बोललेला शब्द हा तिचा पहिला दगड असतो, आणि जवळच बसलेली लेकरे तो ऐकत असतात. असा शब्द ओठांवर आला, तर पेटीवर उभ्या राहिलेल्या त्या तीन वर्षांच्या मुलास आठवावे. तो अजून खिडकीबाहेर पाहतो आहे, आणि त्याच्या बापाला अजून बरीच पुस्तके काढावयाची होती.